पाच दिवसांचा गणपती, एक पिशवी कचरा

खरेदीची यादी करायच्या आधी कचऱ्याची यादी करा. गेल्या वर्षी विसर्जनाच्या संध्याकाळी दाराबाहेर काय काय पडलं होतं, ते आठवून एका कागदावर लिहा. मिठाईचे खोके, त्यांच्यावरचे चकचकीत कागद, कागदी म्हणवणाऱ्या पण आतून प्लास्टिक लावलेल्या डिश, पाण्याच्या अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या, जरीच्या दोऱ्यात ओवलेले हार, चुरगळलेलं मखर आणि निर्माल्याची फुगलेली पिशवी. ही यादी तेवढी समोर ठेवलीत की निम्मं काम झालं. यंदा यातलं काय घरात येऊच द्यायचं नाही, ते आपोआप कळतं.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. गाव कुडाळ तालुक्यात, पण सासूबाईंना प्रवास झेपेनासा झाला तेव्हापासून बाप्पा ठाण्याच्या फ्लॅटमध्ये येतो. दोन खोल्या, हॉल आणि हातभर बाल्कनी. माणसांची ये-जा मात्र गावच्या घरासारखीच. तेव्हा खाली जे सांगतेय ते एवढ्याच जागेत होतं. त्याला अंगण, विहीर, परसू काही लागत नाही.

नियम एकच. वस्तू घरात येण्याआधी ती जाणार कुठे ते ठरलं पाहिजे: पोटात, कुंडीत, माळ्यावर, नाहीतर दुसऱ्याच्या घरी. या चारांत बसत नसेल तर आणायची नाही. 'इकोफ्रेंडली' असं छापलेल्या वस्तूंनाही हाच नियम. पुठ्ठ्याचं मखर बबलरॅपमध्ये गुंडाळून घरपोच येतं आणि लोक पुण्य पदरात पडल्यासारखे खूश होतात, हे बघून मला हसू येतं.

मूर्ती

मूर्ती बघायला जाण्याआधी घरातली बादली मोजा. गंमत नाही, खरंच मोजा. विसर्जन घरी करायचं तर मूर्ती बादलीत पूर्ण बुडाली पाहिजे. नेहमीच्या वीस लिटरच्या बादलीत नऊ-दहा इंचांची मूर्ती व्यवस्थित मावते. आधी दीड फुटाची मूर्ती ठरवायची आणि मग टब शोधत फिरायचं, हा उलटा कारभार.

शाडूची म्हणून विकली जाणारी प्रत्येक मूर्ती शाडूची नसते. ओळखायला सोपी खूण म्हणजे मूर्तीचा तळ, कारण तिथे रंग नसतो. बोट ओलं करून तळावर जरा चोळा. शाडू बोटाला चिकट लागते, करडा चिखल बोटावर येतो आणि मातीचा वास सुटतो. प्लास्टर ऑफ पॅरिस नुसतं पाणी शोषतं आणि पांढरं, कोरडं राहतं. हातात घेतल्यावर वजनातही फरक कळतो. त्याच आकाराची शाडूची मूर्ती चांगलीच जड लागते. दुकानदाराने बोट लावू दिलं नाही तर पुढच्या दुकानात जा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना बंदी घातली होती, त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बनवायला-विकायला परवानगी दिली, म्हणून बाजारात त्या दिसतातच.

रंगाचंही आधीच सांगून ठेवा. मूर्तिकाराला महिनाभर आधी गाठलंत तर तो अंगाला रंग न देता नुसतं सोवळं, मुकुट आणि डोळ्यांची आखणी करून देतो. सोवळ्याला गेरू आणि हळद चालते. चमकी आणि ऑइलपेंट नको म्हणून स्पष्ट सांगायचं, नाहीतर 'ताई, थोडी शोभा केली' म्हणत सोनेरी पावडर मारलेली असते.

आमच्याकडे गावाला एक सुंदर रीत आहे. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, आपला पाट नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो आणि चतुर्थीला पाटासकट ती डोक्यावरून घरी येते. खोका नाही, पेंढा नाही, थर्मोकोलचे तुकडे नाहीत. शहरातही मूर्तिकार ओळखीचा असेल तर हे जमतं. नाही जमलं तर आणायला जाताना पाट, जुनी चादर आणि मूर्तीवर घालायचा रुमाल एवढं न्या. दुकानातलं वेष्टण तिथेच परत करा.

आरास

राज्यात थर्मोकोलच्या सजावटीवर 2018च्या मार्चपासून बंदी आहे. त्यानंतर त्याची जागा फोमच्या शीटने आणि प्लास्टिकच्या फुलांनी घेतली. त्यांचं काय करायचं ते तुम्ही तुमच्या नियमाने ठरवा. मी इथे माटवीबद्दल सविस्तर सांगणार आहे, कारण इतकी देखणी आणि इतकी बिनकचऱ्याची आरास मी दुसरी पाहिली नाही.

माटवी म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली फळं, भाज्या, पानं, रानफुलं. सिंधुदुर्गात घरोघरी असते. गोव्यात तिला माटोळी म्हणतात आणि तिथे तिच्या स्पर्धाही होतात. स्पर्धेसाठी रान ओरबाडणं मला पटत नाही, पण माटोळ्या बघाव्यात त्या गोव्यातच.

फ्लॅटमध्ये ती अशी होते. जुन्या पलंगाच्या किंवा खिडकीच्या पट्ट्यांची साधारण तीन बाय अडीच फुटांची चौकट सुताराकडून एकदा करून घ्या. मध्ये वीतभर अंतरावर आडव्या-उभ्या पट्ट्या हव्यात. आम्ही ती हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्यांना टांगतो. कड्या स्लॅबमध्ये पक्क्या असतील तरच हे करा. फॉल्स सीलिंगला माटवी बांधणं म्हणजे बाप्पाच्या डोक्यावर नारळ पाडणं. कड्या नसतील तर चार बांबूंचा मांडव उभा करा.

आधी चारी कोपऱ्यांना असोला, म्हणजे न सोललेला, नारळ बांधायचा, म्हणजे चौकट डुलत नाही. मग कडेने आंब्याचे टाळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या. त्यानंतर जड सामान पट्ट्यांवर सारखं वाटून: सुपारीचं शिपटं (घोस), काकड्या, दोडकी, पडवळ, कच्च्या केळ्यांची फणी, केळफूल, महाळुंग मिळालं तर एक, डाळिंबं, पेरू. सगळं सुंभाने किंवा केळीच्या सोपटाने बांधायचं आणि गाठ सरकगाठ मारायची, म्हणजे उतरवताना कात्री लागत नाही आणि तोच सुंभ पुढच्या वर्षी वापरता येतो. सगळ्यात शेवटी मोकळ्या जागी रानातलं: तेरडा, हरणाची फुलं, शेरवडाची पांढरी पानं आणि कवंडळाच्या रानवेलीची लालभडक फळं. सर्वांत खाली लोंबणारी वस्तू मुकुटाच्या वर किमान हातभर असावी आणि समईच्या ज्योतीवर काहीही येता कामा नये.

टोमॅटो लावू नका, तिसऱ्या दिवशी टपकतात. पिकलेल्या केळ्यांना चिलटं येतात. चिबूड लावायचा मोह होतो, पण बंद हॉलमध्ये तो फुटला की आरतीला कापरापेक्षा चिबडाचाच वास. तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपल्याला ठाऊकच आहे, म्हणून दोन जुड्या पाण्यात ठेवून मधल्या दिवशी बदलते. कवंडळ दिसायला गोड, पण खायचं नव्हे. पोरांच्या हाताला लागणार नाही असं मध्यभागी बांधा आणि उतरवल्यावर ते थेट खताच्या डब्यात टाका, स्वयंपाकघरात नको. रानसामान बाजारातून घेतलंत तर एकेकच नग घ्या. स्वतः तोडत असाल तर वेलीवर निम्म्याहून जास्त फळं राहू द्या.

सून म्हणून पहिल्या वर्षी मी चमचमत्या कागदाच्या झिरमिळ्या आणल्या होत्या. सासूबाई माटवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या सगळा खावक येता, तुझा ता चमचमता कोण खातलो?" मला वाटतं, कचरा व्यवस्थापनावरचं याहून थोडक्यात व्याख्यान झालेलं नाही.

विसर्जनाच्या रात्रीच माटवी उतरवायची. भाज्या शेजाऱ्यांत वाटायच्या, केळफुलाची दुसऱ्या दिवशी भाजी, असोले नारळ महिनाभर टिकतात. टाळ आणि फुलं खताला, चौकट माळ्यावर. ज्यांच्याकडे माटवीची पद्धत नाही त्यांनी हट्टाने करू नये. आईची इरकल किंवा पैठणी मागे सोडा, दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेची भांडी घासून ठेवा, झालं. दिव्यांच्या माळा गेल्या वर्षीच्याच वापरा. बंद पडलेल्या माळेची वायर कधीकधी नुसती प्लगपाशी सुटलेली असते.

पत्री आणि फुलं

एकवीस पत्रींची जुडी म्हणून बाजारात जे मिळतं त्यात बहुतेक वेळा आठ-दहा प्रकारांचा पाला असतो आणि बाकी कुठल्याही झाडाची ओरबाडलेली डहाळी. यादीत देवदारसुद्धा आहे. तो ठाण्यात कुठून येणार? मिळेल तेवढंच आणि एकेक पान वाहावं. सोसायटीत आणि आसपास फिरलात तर दूर्वा, तुळस, बेल, कण्हेर, आघाडा, रुई, माका, डाळिंब, पिंपळ, जाई सहज सापडतात. नातवंडांना घेऊन जा, कुठलं पान कशाचं ते त्यांना कळू दे. उरलेल्या जागी अक्षता वाहायची सोय आपल्या पूजेत आहेच.

फुलं आणायला टोपली किंवा कापडी पिशवी न्या. हार घ्यायचा तर सुती दोऱ्यात ओवलेला मागा. जरीचा दोरा, थर्मोकोलचे मणी आणि चांदीचा कागद लावलेला हार देवाच्या गळ्यात दोन तास राहतो, मग खतातून तो वेचत बसावं लागतं.

माणसं आणि जेवण

सगळ्यात जास्त कचरा पाहुण्यांच्या प्रेमातून येतो. प्रत्येकजण एक खोका घेऊन येतो आणि आपण त्याला प्रसाद प्लास्टिकच्या डबीत घालून देतो. हे थांबवायला तोंडाने सांगायचा संकोच वाटतो, म्हणून मी आमंत्रणातच लिहिते. हवं तर असंच पाठवा:

"रविवारी दर्शनाला आणि जेवायला नक्की या. येताना मिठाईचा बॉक्स किंवा बुके नको. आणायचंच असेल तर दारातलं एखादं फूल किंवा मूठभर तांदूळ आणा. आणि एक रिकामा डबा विसरू नका, प्रसाद त्यातूनच न्यायचा आहे."

कोणी रागावत नाही. उलट डब्यावरून चेष्टा-मस्करी होते आणि पुढच्या वर्षी लोक मोठा डबा आणतात. तांदूळ दुसऱ्या दिवशीच्या भातात शिजतो.

जेवायला स्टीलची ताटं. घरात पुरत नसतील तर सोसायटीच्या मंडळाला सांगून एकदाच पन्नास ताट-वाट्यांचा संच घ्यायला लावा. पाळीपाळीने सगळ्यांना वापरता येतो. केळीची पानं उत्तम. पोफळीच्या विरीच्या, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या रुंद देठाच्या, पत्रावळी चालतात, पण खतात घालताना त्यांचे तुकडे करा, नाहीतर त्या दिवाळी ओलांडूनही तशाच्या तशा सापडतात. कागदी डिश 'कागदी' आहे का ते बघायचं तर एक फाडून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी कागदापासून पातळ पापुद्रा सुटून आला तर ते प्लास्टिक.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. डिस्पोजेबल नको म्हणणारे आपण, आणि ढीगभर भांडी घासणारी मात्र भांड्याला येणारी ताई किंवा घरची सून. असला पर्यावरणाचा विचार मला मान्य नाही. आमच्याकडे जेवणारा आपलं ताट निपटून, पाण्याखाली धरून टबात ठेवतो. घरातले पुरुष रात्रीची पाळी घेतात. ताईंना त्या पाच दिवसांचे वेगळे पैसे, तेही आधी. हे ठरवलं नसेल तर सरळ केळीची पानं आणा.

पाण्यासाठी माठ आणि पेले. मोदकांची उकड उरली तर हिरवी मिरची, जिरं, मीठ घालून निवगऱ्या थापा. मोदकांपेक्षा त्याच आधी संपतात. हळदीची पानं पातोळ्यांना वापरून झाल्यावर खतात जातात. नारळ फार झाले की खवून डब्यात भरून फ्रीजरला टाका, करवंट्या सुकवून ठेवा. धुवून वाळवलेली करवंटी हळदी-कुंकवाला ठेवायलाही छान दिसते.

विसर्जन

उत्तरपूजा झाली की आधी दागिने, कंठी, वस्त्रं आणि फुलं काढून घ्या. बादली स्वच्छ धुवून, तिच्याभोवती रांगोळी काढून, दोन-चार फुलं पाण्यात सोडून मूर्ती सावकाश ठेवा. पाणी मुकुटाच्या वर चार बोटं असावं. ढवळू नका. शाडू आपली आपण विरघळते. छोटी मूर्ती रात्रभरात बसते. गरम पाणी ओतून घाई करायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसलेला असतो. वर रंगाचा पापुद्रा तरंगत असेल तर गाळणीने काढून घ्या, निवळ पाणी हळूच कुंड्यांना घाला. गाळ मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतायचा नाही, अजिबात नाही. ही बारीक माती पाइपमध्ये बसली की प्लंबर आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी दोघेही आठवण काढतात. जुन्या सुती चादरीवर गाळ पसरून बाल्कनीत वाळवा. भाद्रपदाच्या हवेत आठवडा सहज जातो. वाळलेले खडे पोत्यात भरून मूर्तिकाराला परत द्या. शाडू झाडांना फारशी उपयोगाची नाही, कुंडीत घातली तर वर घट्ट थर धरते. पण मूर्तीला ती पुन्हा पुन्हा चालते. आपल्याकडची बरीच शाडू गुजरातेतून, भावनगरकडून पेण-हमरापूरच्या मूर्तिकारांकडे येते. एवढ्या लांबून आलेली माती एकदाच वापरून खाडीत सोडायची म्हणजे कमालच. पुण्यात शाडू गोळा करून मूर्तिकारांना देणारी 'पुनरावर्तन' मोहीम चालते. तुमच्या शहरात तसं काही नसेल तर मूर्ती ठरवतानाच 'माती परत घ्याल का' हे विचारून ठेवा.

घरात प्लास्टरची मूर्ती आलीच असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांगितलेला उपाय आहे: अमोनियम बायकार्बोनेट. साधारण मूर्तीच्या वजनाइतकं घ्यायचं, पाण्यात विरघळवायचं आणि मूर्ती त्यात बुडवून ठेवायची. दिवसातून तीन-चार वेळा ढवळायचं. दोन दिवसांत तळाशी खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ उरतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, जे खत म्हणून वापरतात. ते भरपूर पाणी मिसळून शोभेच्या झाडांना घाला. मूर्तीचा रंग कसला होता ते माहीत नसताना भाजीच्या कुंड्यांना नको. हे काम बाल्कनीतच करा, अमोनियाचा वास डोळ्यांत पाणी आणतो.

ज्यांना दरवर्षी मूर्ती विरघळवणं नको वाटतं त्यांनी धातूची मूर्ती कायमची ठेवावी आणि पूजेतल्या सुपारीचं विसर्जन करावं. आमच्या सासूबाईंना ते पटत नाही, म्हणून आमच्याकडे मातीचीच.

निर्माल्य

निर्माल्य पाचव्या दिवशी एकदम हाताळायचं नाही, तिथेच वाट लागते. रोज सकाळी देवावरून फुलं उतरवतानाच तीन भाग करा: दोरे आणि जरी वेगळी, कापसाची वस्त्रं आणि वाती वेगळ्या, पानं-फुलं वेगळी. कापूस खतात चालतो, पण सुटा करून.

एक जुना माठ किंवा झाकणाची बादली घ्या, तळाला आणि बाजूला भोकं पाडा, खाली परडी किंवा ताट ठेवा. तळात नारळाच्या शेंड्या. त्यावर निर्माल्य कात्रीने बारीक करून. झेंडूची फुलं अख्खी टाकली तर आतून सडतात, ती कुस्करून टाका. एक भाग ओल्या निर्माल्याला दोन भाग सुकी पानं किंवा शेंडीचा भुसा. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक. दर तिसऱ्या दिवशी खालीवर करा. आंबूस वास आला म्हणजे पाणी जास्त झालंय, सुकी पानं घाला. काहीच हलत नाही असं वाटलं तर ते फार कोरडं आहे, पाण्याचा शिपका मारा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, सुक्या पाल्याचा जाड थर देऊन झाका. चतुर्थी ते लक्ष्मीपूजन साधारण दोन महिने. तेवढ्यात माठातला माल पाव भागावर येतो, काळा होतो आणि पावसाळी मातीसारखा वास देतो. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाची माती बदलताना तोच घालते. एवढं जमणार नसेल तर निदान दोरे-प्लास्टिक काढलेलं निर्माल्य पालिकेच्या निर्माल्य कलशात टाका, पिशवीसकट नको.

एवढं सगळं करूनही एक पिशवी उरते. त्यात कापराच्या डब्या, उदबत्तीची पाकिटं, तेलाच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या आणि कोणीतरी आणलेल्या हाराची जरी. दुधाच्या आणि तेलाच्या पिशव्या धुवून वाळवून भंगारवाल्याला चालतात. तेल पाच किलोच्या डब्यात घेतलं तर तेलाच्या पिशव्या येतच नाहीत. उदबत्ती आता मी सुटी, वजनावर घेते. जरीच्या दोऱ्यावर मला अजून इलाज सापडलेला नाही. कोणाला सापडला असेल तर कळवा.